मुलांचे लॅक्रॉस : मऊ चेंडूपासून सुरुवात करावी की थेट हेल्मेट चढवून?

लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळीचे डोके असलेल्या स्टिकने चेंडू झेलत-फेकत गोल करण्याचा सांघिक खेळ. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, विशेषतः मेरीलँड, न्यू जर्सी आणि न्यू यॉर्क या राज्यांत, वसंतातल्या हंगामासाठी मुलांच्या लॅक्रॉसची नोंदणी सुरू झाली की ज्यांच्या घरात हा खेळ पूर्वी कधी कोणी खेळलेला नाही अशा मराठी पालकांसमोर साधारणपणे दोन पर्याय येतात. पहिल्यात चार-चार किंवा पाच-पाच मुलांचे संघ असतात, मुलगे आणि मुली एकत्र खेळतात, स्टिकचे डोके प्लास्टिकचे आणि चेंडू हलका व मऊ असतो, आणि अंगाला भिडण्यास किंवा दुसऱ्याच्या स्टिकवर स्टिक मारण्यास पूर्ण मनाई असते. दुसरा पर्याय म्हणजे गावातली नेहमीची लीग, जिच्यात जाळीची स्टिक आणि घट्ट रबराचा, सुमारे १४५ ग्रॅम वजनाचा चेंडू वापरतात.

बहुतेक पालक ही निवड केवळ सुरक्षिततेच्या अंगाने करतात. तो मुद्दा महत्त्वाचा आहेच, परंतु आठ-नऊ वर्षांपर्यंतच्या मुलाच्या बाबतीत त्याहून निर्णायक प्रश्न असा की तासाभरात चेंडू त्याच्या स्टिकमध्ये किती वेळा येणार. मुलग्यांच्या पूर्ण खेळात दहा-दहा खेळाडू असतात, मैदान ११० यार्ड लांब आणि ६० यार्ड रुंद असते, आणि ऑफसाइडच्या नियमामुळे प्रत्येक संघाला गोलरक्षकासह किमान चार खेळाडू स्वतःच्या अर्ध्या भागात ठेवावे लागतात. परिणामी बचावाला लावलेला नवखा मुलगा, चेंडू पलीकडच्या टोकाला असताना, मध्यरेषेपाशी गवत उपटत उभा राहतो. लहान वयोगटांसाठी कित्येक लीगही आता मैदान आणि संघ दोन्ही लहान ठेवतात. तेव्हा आपल्या गावात नेमके काय चालते, हे नोंदणीपूर्वी विचारून घ्यावे.

नवख्यांच्या सामन्यात चेंडू हवेत कमी आणि जमिनीवर अधिक असतो. तो उचलणे हेच या वयातले खरे कौशल्य होय : गुडघे वाकवायचे, खालचा हात जवळजवळ गवताला टेकेल इतका खाली न्यायचा आणि न थांबता चेंडूच्या पुढे धावत जायचे. थांबून वरून स्टिक आपटणाऱ्या मुलाकडून चेंडू पुढे ढकलला जातो आणि मागून चार स्टिका येऊन पडतात. ज्या गटात त्या चार स्टिका येणार नाहीत अशी खात्री असते, तिथे मूल वाकायला धजते; हेल्मेट घातलेले असूनही अंगावर कोणी येईल या भीतीने ताठ उभे राहणारे मूल ते शिकत नाही. मऊ चेंडूच्या बाजूने माझे मत झुकते ते मुख्यतः या कारणाने.

मऊ प्रकाराचे उणेही सांगितले पाहिजे. साच्यातून काढलेल्या प्लास्टिकच्या खोलगट डोक्यात चेंडू सहज बसतो, त्यामुळे स्टिक मनगटाने झुलवत चेंडू आत राखण्याची, म्हणजे क्रेडलिंगची, सवय कच्ची राहते. हलका चेंडू जाळीतल्या घट्ट चेंडूसारखा सुटतही नाही. दोन-तीन हंगाम त्यातच काढलेल्या मुलाला पुढे फेक नव्याने बसवावी लागते.

छोटा संघ म्हणजे लुटुपुटूचा खेळ, हा समज मात्र सोडून द्यावा. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉस खेळले जाणार आहे ते सहा-सहा खेळाडूंच्या, लहान मैदानावरच्या प्रकारात. आणि त्याला मान्यता मिळाली ती १६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात, क्रिकेटच्या बरोबरीने.

मुलगा की मुलगी, यावरही हा निर्णय अवलंबून आहे, आणि पालकांच्या चर्चेत नेमके हेच राहून जाते. मुलींच्या नेहमीच्या खेळातही अंगाने धडक देण्यास परवानगी नसते. डोळ्यांवरचा गॉगल, माउथगार्ड आणि स्टिक एवढ्यावर मैदानात उतरता येते. त्यामुळे मऊ गटातून लीगमध्ये जाणे मुलीसाठी एका पायरीचे अंतर आहे आणि आठव्या वर्षी थेट लीगमध्ये घातले तरी फारसे बिघडत नाही. मुलग्यांच्या लीगमध्ये लहान गटांत धडक वर्ज्य असली तरी स्टिकचे फटके असतातच, आणि हेल्मेट, खांद्याचे व कोपराचे पॅड, हातमोजे, माउथगार्ड असा सारा सरंजाम लागतो. वर्षभरात तो मुलाला लहान होतो, म्हणून वापरलेले सामान घेण्याकडे आपला कल असणे स्वाभाविक आहे. हातमोजे खुशाल जुने घ्यावेत. खांद्याच्या पॅडवर मात्र क्रीडासाहित्याच्या सुरक्षिततेची मानके ठरवणाऱ्या ‘नॉक्सी’ (NOCSAE) या अमेरिकी संस्थेच्या एनडी २०० (ND200) मानकाचा शिक्का आहे का ते पाहावे, कारण छातीवर नेमक्या क्षणी बसलेल्या चेंडूने हृदयाची लय बिघडून ते बंद पडण्याचा दुर्मिळ परंतु प्राणघातक धोका असतो. त्याचसाठी मैदानी खेळाडूंना २०२२ पासून या मानकाचे संरक्षण बंधनकारक झाले असून त्यापूर्वीचे बहुतेक पॅड त्यात बसत नाहीत.

तेव्हा मुलगा आठ वर्षांच्या आतला असेल, तर मऊ चेंडूचा गट निःशंकपणे निवडावा. नऊ-दहाव्या वर्षी, त्याचे मित्र लीगमध्ये असतील आणि तो स्वतः हट्ट धरत असेल, तर त्याला मागे ओढण्यात अर्थ नाही. हट्ट आपला असेल, तर एक हंगाम थांबावे. मऊ गटात असतानाच त्याच्या उंचीला बेतलेली जाळीची स्टिक आणि एक घट्ट चेंडू घरी आणून ठेवावा, आणि खिडक्या नसलेल्या भिंतीवर दोन्ही हातांनी फेकून झेलण्याचा सराव रोज दहा-पंधरा मिनिटे करू द्यावा. चेंडू जुना होऊन गुळगुळीत झाला की तो जाळीतून वेडावाकडा सुटतो. अशा वेळी मुलाची फेक दुरुस्त करण्याआधी चेंडू बदलावा.