पॅनेल आणि चार्ज कंट्रोलरची जोडी: पीडब्ल्यूएम की एमपीपीटी?

सौर पॅनेल घेताना लक्ष वॅटच्या आकड्याकडे जाते. त्यांतले किती वॅट बॅटरीत उतरतील, हे मात्र बऱ्याच अंशी चार्ज कंट्रोलरवर, म्हणजे पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये बसून चार्जिंग सांभाळणाऱ्या उपकरणावर, अवलंबून असते. त्याचे दोन प्रकार आहेत: पीडब्ल्यूएम (पल्स विड्थ मॉड्युलेशन) आणि एमपीपीटी (मॅक्झिमम पॉवर पॉइंट ट्रॅकिंग). पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलला थेट बॅटरीशी जोडतो, त्यामुळे पॅनेलचा व्होल्टेज बॅटरीच्या पातळीवर ओढला जातो आणि करंट जवळपास तेवढाच राहतो. साधारण १८ व्होल्टवर चालणारे ३६ सेलचे पॅनेल १२ व्होल्टच्या बॅटरीशी म्हणूनच जुळते. त्याच बॅटरीवर सुमारे ३१ व्होल्टचे, ३०० वॅटचे ६० सेलचे पॅनेल पीडब्ल्यूएमवरून लावल्यास १३ व्होल्टला ९.६ अँपिअर, म्हणजे जेमतेम १२५ वॅट हाती लागतात. एमपीपीटी जास्तीच्या व्होल्टेजचे करंटमध्ये रूपांतर करतो आणि तेच पॅनेल बॅटरीला २२ अँपिअरच्या आसपास देते. एवढी शक्ती वाया घालवून कंट्रोलरवर पैसे वाचवणे मला मुळीच पटत नाही.

क्षमतेबाबत दोघांचे नियम वेगळे आहेत. पीडब्ल्यूएममधून पॅनेलचा करंट जसाच्या तसा वाहतो, म्हणून पॅनेलांच्या एकूण शॉर्ट सर्किट करंटच्या (पॅनेलची दोन टोके थेट जोडल्यावर वाहणाऱ्या करंटच्या) सव्वापट क्षमता धरावी. ३० अँपिअरचा एमपीपीटी १२ व्होल्टच्या बॅटरीला साधारण ४२० वॅट देऊ शकतो. ५०० वॅटची पॅनेले जोडली, तर बहुतेक चांगले कंट्रोलर आपला करंट ३० अँपिअरवर रोखतात आणि भर उन्हातले थोडे उत्पादन तेवढे बुडते. ढगाळ दिवसांचा विचार करता हा तोटा मी आनंदाने पत्करेन, फक्त उत्पादकाने दिलेली इनपुट करंटची मर्यादा पाळलेली असावी.

व्होल्टेजच्या बाबतीत मात्र अशी सवलत नाही. थंडीत पॅनेलचा ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे काहीही न जोडता मिळणारा व्होल्टेज, वाढतो: सिलिकॉन पॅनेलांत २५ अंशांखाली दर अंशाला साधारण ०.३ टक्के. ४५ व्होल्टची दोन पॅनेले सिरीजमध्ये ९० व्होल्ट देतात, शून्य अंशाला ती ९७ च्या घरात जातात, आणि उणे १५ अंशांना १०० व्होल्टच्या कंट्रोलरची इनपुट मर्यादा ओलांडून तो कायमचा निकामी करू शकतात. अशा ठिकाणी १५० व्होल्टचा कंट्रोलर घ्यावा किंवा पॅनेले समांतर जोडावीत.

उष्ण हवेत ३६ सेलचे एखादे छोटे पॅनेल १२ व्होल्टवर चालवायचे असेल, तर तापलेल्या पॅनेलचा व्होल्टेज आधीच १५-१६ पर्यंत उतरलेला असतो, त्यामुळे तिथे एमपीपीटीचा फायदा थोडाच उरतो आणि पीडब्ल्यूएम पुरेसा ठरतो.