जानेवारीच्या हाफ मॅरेथॉनसाठी: कोचचा क्लब की आईमंडळींचा गट?

जानेवारीत हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर, धावायचे मनावर घेतलेल्या आईने ऑगस्ट संपण्याआधी एक गोष्ट ठरवून टाकलेली बरी. तयारी एखाद्या कोचच्या क्लबमध्ये करायची, की आपल्यासारख्याच आयांच्या छोट्या गटात? नाशिकमध्ये दोन्ही सोयी आहेत. मी आधी क्लबमध्ये आणि नंतर गटात अशी दोन्हीकडे तयारी केलेली आहे आणि सध्या गटातच धावते आहे, त्यामुळे पुढचे विवेचन अगदी तटस्थ आहे असा दावा मी करत नाही. मुले मोठी झालेल्या किंवा घरात पहाटे हक्काचे माणूस असलेल्या आईचा निर्णय माझ्यापेक्षा वेगळा होऊ शकतो आणि तो तिच्यापुरता बरोबरही असू शकतो.

एकटीने, मोबाइलवरच्या ॲपच्या भरवशावर तयारी करण्याचा तिसरा मार्ग मी या तुलनेत धरलेला नाही. जानेवारीत नाशिकला सातच्या सुमारास कुठे सूर्य उगवतो, लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वांत लांब धाव, मात्र त्याच्या तास-दीड तास आधी सुरू करावी लागते. गंगापूर रोडच्या परिसरात बिबट्या दिसल्याच्या बातम्या आपल्याला नव्या नाहीत आणि भटक्या कुत्र्यांचा त्रास तर बारमाही आहे. अंधारात सोबत हवीच, हे मी गृहीत धरते.

क्लबच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. चांगला कोच तुमची धाव पाहून दहा मिनिटांत सांगतो की पाऊल शरीराच्या फार पुढे पडते आहे किंवा खांदे कानांकडे चढलेले आहेत, आणि ही चूक स्वतःची स्वतःला वर्षानुवर्षे दिसत नाही. इंटरव्हल (थोडे जोरात, मग थोडे हळू असे आलटून-पालटून धावणे), टेम्पो रन (बराच वेळ सलग वेगात धावणे), चढावरच्या फेऱ्या यांचे वेळापत्रक कोणीतरी जाणत्याने आखलेले असते. आपण किती जोरात धावायचे हे आपल्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर सोडलेले नसते. शिस्तबद्ध मार्गदर्शनाचे मोल नाशिककरांना वेगळे सांगायला नको. सावरपाड्याच्या कविता राऊत याच शहरात विजेंदर सिंग यांच्याकडे घडल्या. २०१० साली त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्यपदक आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतराचे रौप्यपदक मिळवले, आणि २०१६ मध्ये त्या रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन धावल्या. हाफ दोन तासांच्या आत पूर्ण करायची असे जिचे ठरलेले आहे, तिने सरळ क्लबमध्ये जावे असे मला वाटते.

माझा निर्णय झाला तो मात्र वेगामुळे नाही, फीमुळे नाही आणि कोचमुळे तर मुळीच नाही. तो झाला लाँग रनच्या मार्गामुळे.

मी ज्या क्लबमध्ये होते तिथे रविवारची लाँग रन नेहमी जाऊन-येऊन अशा एकाच सरळ मार्गावर असे. गंगापूर रोडने निघायचे, आनंदवली आणि सोमेश्वर मागे टाकायचे, गंगापूर गावाच्या दिशेने ठरलेल्या अंतरापर्यंत जायचे आणि तिथून वळून परत यायचे. रस्ता सुंदर आहे, सोमेश्वरच्या पुढे हवा बदलल्यासारखी वाटते, आणि बहुतेक धावणाऱ्यांना हाच मार्ग आवडतो. पण १६ किलोमीटरांची धाव असेल तर वळण्याची जागा आठव्या किलोमीटरवर येते. किलोमीटरला साडेसात मिनिटे लावणारी बाई त्या जागी पोहोचते तेव्हा ती आपल्या गाडीपासून बरोबर एक तास दूर असते. नेमका त्याच वेळी घरून फोन आला, लेकराला पहाटे ताप चढला आहे आणि औषधाची बाटली सापडत नाही, तर ती फोनवर कपाटाचा कप्पा सांगू शकते, याहून जास्त काही करू शकत नाही. त्या वेळेला त्या भागात रिक्षा मिळत नाही. परतीचे आठ किलोमीटर थकलेल्या पायांनी आणि घराकडे लागलेल्या जिवाने कापावे लागतात.

असा फोन मला आलेला आहे. खरे म्हणजे, ताप फारसा नव्हता आणि दुपारपर्यंत उतरलाही. तरीही त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी वळणाची जागा जवळ येऊ लागली की मी हातातल्या फोनकडे पाहू लागे, आणि धावताना जे मोकळेपण हवे असते ते चौथ्या-पाचव्या किलोमीटरवरच संपून जाई. मार्ग बदलण्याविषयी विचारून पाहिले. सगळ्यांना एकाच मार्गावर पाणी देणे सोपे जाते, असे उत्तर मिळाले, आणि तीस-चाळीस जणांच्या दृष्टीने ते चुकीचे होते असे मला आजही वाटत नाही. त्याच मार्गावरची दुसरी अडचण बायकांनाच कळेल: सोमेश्वर ओलांडल्यावर स्वच्छतागृह मिळण्याची शाश्वती नाही. त्यामुळे आमच्यातल्या कित्येक जणी आदल्या रात्रीपासूनच पाणी कमी पीत असत. लांब अंतर धावणाऱ्या शरीराची यासारखी आबाळ दुसरी नाही.

आईमंडळींच्या गटात हीच लाँग रन फेऱ्यांमध्ये होते. आम्ही गोल्फ क्लब मैदानापाशी जमतो. शरणपूर रोड आणि कॉलेज रोडच्या बाजूने सुमारे चार किलोमीटरांची एक फेरी ठरवलेली आहे आणि १६ किलोमीटर म्हणजे तिचे चार वेढे. अशा फेरीत तुम्ही कुठेही असलात तरी मैदान रस्त्याने दोन किलोमीटरांच्या आतच असते, म्हणजे माझ्या गतीने जास्तीत जास्त पंधरा मिनिटांवर. मैदानापाशी एका गाडीची डिक्की उघडी असते. तिच्यात मीठ-साखर-लिंबाचे पाणी, खजुरांचा डबा, केळी, कोणाच्या तरी मुलाचा स्वेटर आणि डिक्कीच्या झाकणाला आतून चिकटवलेला एक कागद असतो. त्या कागदावर प्रत्येकीच्या नावापुढे तिची फेरी पूर्ण झाली की खूण होते. पेन पुष्कळदा चालत नाही, म्हणून आता तिथे बिंदीचे पाकीट ठेवलेले असते आणि फेरीगणिक एक बिंदी लावली जाते. दर रविवारी एक जण धावत नाही, ती गाडीपाशी थांबते. ज्यांना मुलांना घरी ठेवणे शक्य नसते त्या त्यांना घेऊन येतात, आणि थांबणारी त्यांच्याकडे मैदानावर लक्ष ठेवते. ही पाळी आळीपाळीने सगळ्यांकडे येते, गटातल्या, स्वतः कोच असलेल्या मैत्रिणीकडेसुद्धा.

एखादीला दोन फेऱ्यांनंतर घरी जावे लागले तर ती जाते आणि तिच्या नावापुढे दोन बिंद्या राहतात. आठ किलोमीटर ही पूर्ण झालेली धाव असते, अर्धवट सोडलेली नव्हे. हा फरक कागदावर लहान दिसतो, पण माझ्या अनुभवात तयारी टिकते की मध्येच सुटते हे पुष्कळसे त्यावरच ठरते.

दुसरा फरक कॅलेंडरचा आहे. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते आणि आपल्या शहरातली मविप्रची (मराठा विद्या प्रसारक समाज या शिक्षणसंस्थेची) मॅरेथॉनही हिवाळ्यातच येते. हाफची तयारी सोळा आठवड्यांची धरली तर ती सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होते आणि तिच्या वाटेत नवरात्र, मुलांची सहामाही परीक्षा आणि दिवाळी हे तिन्ही येतात. क्लबच्या तक्त्यात दिवाळीचा रविवार बऱ्याचदा १४ किंवा १६ किलोमीटरांचा असतो, कारण आठवडे मोजत गेले की तो तिथेच पडतो. चकल्या तळून रात्री बाराला आडव्या झालेल्या बाईने पहाटे सोळा किलोमीटर धावावे, असे त्या तक्त्याचे म्हणणे असते. गटात आम्ही अठरा आठवडे धरतो आणि दर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अंतर कमी करायचे असतेच, तर ते कमी अंतराचे आठवडे घटस्थापनेच्या आणि दिवाळीच्या जागी सरकवतो. नऊ दिवस उपास करणाऱ्या मैत्रिणी त्या काळात लाँग रन करत नाहीत, फक्त हलके धावतात. आठवडा चुकला तर आधीच्याच अंतरावरून पुन्हा सुरुवात होते, आणि दोन आठवडे चुकले तर एक पायरी खाली उतरून. चुकलेले अंतर भरून काढण्यासाठी पुढच्या आठवड्यात दुप्पट धावणे ही दुखापतीची हमखास वाट आहे, म्हणून त्याला आम्ही मनाईच केलेली आहे.

आठवड्यातल्या इतर दिवसांच्या वेळेबाबत दोन्हीकडे फारसा फरक नाही. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा शासन निर्णय २०२४ मध्ये झाल्यापासून लहान मुलांच्या आयांना थोडी उसंत मिळाली, मोठ्या मुलांच्या व्हॅनची वेळ आहे तीच आहे.

तिसरी गोष्ट लिहावी की नाही असा विचार केला, पण निर्णय घेणारीला ती कळायला हवी. बाळंतपणानंतर धावताना किंवा उडी मारताना लघवी गळणे हा पुष्कळ जणींचा अनुभव असतो. पुरुषांच्या बरोबरीने चाललेल्या सत्रात उड्या मारण्याचा व्यायाम आला की बाई मागच्या रांगेत सरकते आणि कोणालाही काही सांगत नाही. ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये बाळंतपणानंतर धावणे पुन्हा सुरू करण्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. पहिले तीन महिने धावू नये, त्यानंतरही ओटीपोटाखालच्या स्नायूंची तपासणी करून घ्यावी आणि अशी गळती, ओढल्यासारखा जडपणा किंवा दुखणे असेल तर धाव वाढवू नये, असा त्यांचा सांगावा आहे. ही माहिती मला क्लबमध्ये मिळाली नाही, गटातल्या एकीने गाडीपाशी उभे राहून सहज सांगितली आणि त्याच आठवड्यात आम्ही तिघी तपासणीला गेलो. हिमोग्लोबिनचेही तसेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. दमछाक होते म्हणजे सराव कमी पडतो आहे असे समजून आणखी धावत राहणाऱ्या बाईला आधी रक्त तपासून घ्यायला सांगणारे कोणीतरी जवळ असावे.

गटाच्या उणिवा लपवण्यात अर्थ नाही. सपाट फेऱ्या धावून पायांना चढाची सवय होत नाही. मुंबईला पेडर रोडचा चढ ऐन थकव्यात समोर येतो, आणि साताऱ्याची यवतेश्वर घाटातली हाफ ज्यांना करायची आहे त्यांना कॉलेज रोडच्या फेऱ्या पुरणारच नाहीत. आम्ही महिन्यातून एकदा पांडवलेणीच्या पायथ्याशी किंवा म्हसरूळच्या बाजूला चढ शोधत जातो, तरी क्लबच्या चढाच्या सरावाची सर त्याला येत नाही. गप्पा वाढल्या की वेग पडतो. वेगाने धावणारी एखादी असेल तर तिला बराच वेळ एकटीने धावावे लागते. मार्चच्या परीक्षांत गट निम्म्यावर येतो. आणि सर्वांत मोठा धोका सल्ल्यांचा आहे: गुडघा दुखला की प्रत्येकीकडे एक तेल आणि एक व्यायाम तयार असतो. पाय आठवडाभर दुखत राहिला तर फिजिओथेरपिस्टला दाखवल्याशिवाय धावायचे नाही, असा नियम आम्ही केला आहे आणि तो न पाळणारीला गाडीपाशी थांबण्याची पाळी मिळते.

वेळ सुधारायची असेल, मुले स्वतःचे स्वतः उठून दूध पिण्याच्या वयाची असतील, किंवा पहाटे घर सांभाळणारे कोणी असेल, तर क्लबमध्ये तुम्हाला अधिक शिकायला मिळेल असे मी नम्रपणे सांगेन. पहिल्यांदाच २१ किलोमीटर धावायचे असतील आणि घरात दहा वर्षांच्या आतले मूल असेल, तर माझे मत गटाकडे झुकते. स्टार्टलाइनपर्यंत पोहोचणे हाच त्या वर्षीचा अवघड भाग असतो, आणि तिथवर मला गटाने आणले. काही क्लब महिन्याला दोन सत्रांपुरतेही घेतात. तसे जमले तर इंटरव्हल आणि चढ क्लबमध्ये आणि लाँग रन गटात, ही वाटणी मला सर्वांत व्यवहार्य वाटते. मी या हंगामात तेच करणार आहे.

सामील होण्याआधी एका रविवारी प्रत्यक्ष जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: लाँग रन कुठून वळते, मुलांजवळ कोण थांबते, आणि परीक्षेच्या आठवड्यात कोणकोण येणार आहे. सिडको किंवा इंदिरानगरला राहणाऱ्या आईने केवळ गट तयार आहे म्हणून पहाटे गोल्फ क्लबपर्यंत येण्याची घाई करू नये, कारण जाण्या-येण्यात गेलेला वेळ शेवटी झोपेतूनच वजा होतो. इंदिरानगरचा जॉगिंग ट्रॅक मध्यवर्ती ठेवून तशीच फेरी आखता येते. सुरुवातीला तीन जणी पुरतात: दोघी धावायला आणि एक गाडीपाशी.