स्पाइकलेस गोल्फ शूज: आठ महिने वापरल्यावरचं माझं मत

आधीच सांगून टाकतो, मी मेटल स्पाइकवाला, म्हणजे तळाला धातूचे खिळे असलेल्या बुटांचा माणूस. सिमेंटवरून टकटक करत जायचं, टी बॉक्सवर, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात तिथे, खिळे रोवून उभं राहायचं, मजा वेगळीच होती. मग आमच्या क्लबने मेटलबंदीचा लोकल रूल, म्हणजे आपल्या कोर्सपुरता नियम, लावला, थोडी भांडाभांडी झाली, आणि मी नाइलाजाने हे स्पाइकलेस, म्हणजे खिळ्यांऐवजी तळाला रबरी गाठी असलेले बूट, घेतले. आठ महिने झाले, आठवड्याला दोनदा अठरा होल, तेही चालत. ब्रँडचं नाव घेत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि ती एका कंपनीची नाही, या प्रकारच्या सगळ्याच बुटांची आहे असं मला वाटतं.

आराम म्हणाल तर तोड नाही. पहिल्या दिवसापासून चावले नाहीत, गाडी चालवताना बदलायची भानगड नाही, शेवटच्या होलवर पाय भरून येत नाहीत. 2010 च्या मास्टर्स स्पर्धेत प्रो गोल्फर फ्रेड कपल्स असे बूट घालून उतरला, तेही मोज्यांशिवाय, तेव्हा आम्ही हसलो होतो की हा काय फिरायला आलाय का म्हणून. आता आमच्या ग्रुपमध्ये निम्मे लोक तेच घालतात आणि मीही त्यात आलो.

पण दव पडलेलं असलं की खेळ संपला. परवा सकाळी बॉल उतारावर, पायांच्या जरा वर, हातात हायब्रिड काठी, ती खाली येताना डावी टाच अशी सरकली की बॉल कुठे गेला ते बघायच्या आधी मी स्वतःला सावरत होतो. बूट उलटा करून बघितला तर रबरी गाठींच्या मधे कापलेलं गवत आणि चिखल गच्च बसलेला, केसांनी भरलेला कंगवा दिसतो ना अगदी तसा. गाठींची उंची मुळात काही मिलिमीटर, त्या फटी भरल्या की सोल सपाटच झाला, ग्रिप कुठून येणार. आता प्रत्येक टीवर काडीने खरवडतो.

यावरून एका मित्राशी जुंपली. त्याचं म्हणणं, 2019 पासून ग्रीनवरच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरच्या, स्पाइकच्या खुणा दुरुस्त करायला परवानगी आहे, आधी फक्त बॉलचा खड्डा आणि जुन्या होलची जागा नीट करता यायची, मग आता मेटलवर बंदी कशाला? मुद्दा बिनतोड वाटतो, पण परवानगी असणं वेगळं आणि लोक वाकून दुरुस्त करणं वेगळं. दुपारच्या शेवटच्या ग्रुपमध्ये कपच्या भोवतीची अवस्था बघा, सगळ्यांना घरी जायची घाई. आणि हा मेटलबंदीचा नियम नुसता धातूपुरता नाही हे त्याला माहीतच नव्हतं. जमिनीत खोल घुसायला बनवलेलं टोक असेल तर ते सिरॅमिकचं असो की प्लास्टिकचं, बाद, आणि कोर्सला टेकणारा धातू असेल तर आकार कुठलाही असो, तोही बाद. अर्थात कमिटीने तो लोकल रूल लावला असेल तरच, म्हणून तर टीव्हीवर काही प्रो अजून मेटल घालून दिसतात. माझा आक्षेप दुसऱ्या भागाला आहे. बूट जमिनीचं काय करतो ते बघा ना, कशाचा बनलाय याच्याशी काय घेणंदेणं? स्पाइकलेस घालून ग्रीनवर पाय गर्रकन फिरवणारा माणूस गवताची साल काढतो, त्याला कोण विचारतं?

गंमत म्हणजे सगळी चर्चा बॉल आणि ड्रायव्हरवर, म्हणजे लांब मारायच्या काठीवर. ड्रायव्हरचं डोकं 460 सीसीच्या वर नको, बॉल 45.93 ग्रॅमपेक्षा जड नको, बॉल किती लांब जावा यावर तर तासन् तास वाद. अरे माझा ड्राइव्ह मुळात जातो किती! बॅगेत चौदाच क्लब, म्हणजे काठ्या, ठेवायच्या मर्यादेचं मात्र भान ठेवावं लागतं, 2001 च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत प्रो गोल्फर वूस्नमच्या बॅगेत पंधरावा क्लब निघाला, चक्क दुसरा ड्रायव्हर, आणि दोन स्ट्रोकचा दंड बसला, तेव्हापासून मी पहिल्या टीवर मोजून घेतो. पण माझा स्कोअर खरा हलतो तो पाय घट्ट राहिला की नाही त्यावर.

तर कोरड्या मैदानासाठी पाचपैकी साडेचार, ओल्यासाठी दोन. फक्त सकाळी लवकर खेळणारे असाल, किंवा कोर्स चढउताराचा असेल, तर बदलता येणाऱ्या सॉफ्ट स्पाइकचे, म्हणजे मऊ प्लास्टिकच्या टोकांचे बूट घ्या. मीही दुसरा जोड तसलाच आणलाय. त्यात एकच काळजी घ्या, नवीन क्लीट, म्हणजे ती टोकं, आणताना जुना एक काढून सोबत न्या, कारण एका पद्धतीचा क्लीट दुसऱ्या पद्धतीच्या खाचेत बसत नाही, मी एक अख्खं पाकीट असंच वाया घालवलंय. आणि क्लीट झिजायच्या आधीच बदला, नाहीतर चिखल आणि वाळू आत जाऊन असे अडकतात की पान्याची टोकं वाकतात तरी ते हलत नाहीत. माझे दोन अजून तसेच आहेत, डाव्या बुटाच्या टाचेतले.