विनानावाचा कॉम्पोनंट टेस्टर : दोन वर्षांच्या वापरानंतर

घरच्या टेबलावर हौसेने दुरुस्ती करणाऱ्यांच्या हाती हल्ली जो छोटा, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा कॉम्पोनंट टेस्टर (इलेक्ट्रॉनिक सुटे भाग तपासणारे यंत्र) दिसतो, तो मी दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या तापकीर गल्लीतून साधारण आठशे रुपयांना घेतला. त्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नाही. मूळ रचना मात्र बेवारस नव्हे. जर्मनीतील मार्कुस फ्रेयेक यांनी ती मांडली, कार्ल-हाइन्झ क्युब्बेलर यांनी वाढवली, आणि आराखडा व प्रोग्राम खुले असल्यामुळे तिच्या असंख्य नकला बाजारात आल्या. एटीमेगा ३२८ हा मायक्रोकंट्रोलर (प्रोग्राम चालवणारी चिप) आणि तपासणीच्या तिन्ही टोकांना ६८० ओहम व ४७० किलोओहमचा एकेक रेझिस्टर, मुख्यतः एवढ्यावर सारे मोजमाप चालते.

सुटा भाग सॉकेटमध्ये कसाही खोचावा, खटका पाडावा आणि बटण दाबावे. कोणता पाय कोणता, हे आपल्याला ठाऊक असण्याची गरज नाही. बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर लावला, तर तो एनपीएन प्रकारचा आहे, बेस (नियंत्रणाचा पाय) कोणत्या टोकाला आहे आणि गेन, म्हणजे तो प्रवाह किती पट वाढवतो, हे क्षणात पडद्यावर येते. अक्षरे पुसलेल्या ट्रान्झिस्टरांचा वर्षानुवर्षे साठलेला डबा मी एका पावसाळी रविवारी तांदूळ निवडावेत तसा निवडून काढला.

पण माझ्या मते याची खरी किंमत वसूल होते ती ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा (वीज साठवणाऱ्या घटकाचा) अंतर्गत रोध मोजण्यात. सारखा बंद-चालू होणाऱ्या एका सेट-टॉप बॉक्समधला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मल्टिमीटरवर ९१० दाखवत होता, डोकेही फुगलेले नव्हते, त्यामुळे मी त्याला निर्दोष ठरवून दोन संध्याकाळी इतरत्र शोधत बसलो. टेस्टरने त्याचा ईएसआर जवळजवळ तीन ओहम दाखवला. त्याच मापाच्या नव्या कपॅसिटरचा ०.०६ आला. तो बदलताच बॉक्स सुरळीत चालू लागला. मंदावलेल्या छताच्या पंख्याचा कपॅसिटर (दुकानात त्याला अजून कंडेन्सरच म्हणतात) २.५ ऐवजी १.६ मायक्रोफॅरड भरला, तेव्हाही निदान एका मिनिटात झाले.

मर्यादा मात्र समजून घ्यायला हव्यात. तपासणी पाच व्होल्ट आणि फार तर सहा-सात मिलिअँपिअरवर होते. त्यामुळे बारा व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टेज राखणारा डायोड) येथे साधा डायोड म्हणून दिसतो, आणि पंख्याच्या रेग्युलेटरमधला बीटी १३६ सारखा ट्रायॅक (एसी प्रवाह नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) चांगला असूनही ओळखला जाईलच असे नाही, कारण तो चालू करण्यास एवढा प्रवाह पुरत नाही. उलट, चारशे व्होल्टचा कपॅसिटर येथे उत्तीर्ण झाला, तरी प्रत्यक्ष व्होल्टेजखाली त्यातून प्रवाह गळणार नाही, याची हमी मिळत नाही. बोर्डावर झाळलेला भाग जागेवरच मोजण्याचा मोहही टाळावा. शेजारच्या घटकांमुळे येणारे आकडे दिशाभूल करतात.

माझा पहिला टेस्टर माझ्याच घाईने गेला. चार्जरमधून काढलेला ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर विजेच्या मुख्य बाजूचा असल्याने सुमारे सव्वातीनशे व्होल्टपर्यंत भरलेला होता. मी तो तसाच सॉकेटमध्ये ठेवला आणि बारीक ‘टिक्’ आवाजासरशी पडदा कायमचा कोरा झाला. त्या मॉडेलची चिप बोर्डावर थेट झाळलेली होती. दुसऱ्या खेपेस मी चिप वेगळ्या सॉकेटवर बसवलेले मॉडेल मुद्दाम शोधले. थोडे महाग पडले, पण घेणाऱ्याने तेच घ्यावे. चिप बदलता येते, फक्त कोरी चिप चालत नाही, तिच्यात प्रोग्राम भरावा लागतो. शिवाय एक किलोओहमच्या जाड रेझिस्टरला दोन वायरी जोडून तो टेस्टरशेजारीच टांगून ठेवला आहे. प्रत्येक कपॅसिटर आधी त्यावर रिकामा होतो, मगच सॉकेटमध्ये जातो.