180 च्या मागे अकरा महिने: एलसॅटचे सराव-पेपर आणि एक फुलस्केप वही

आधी आकडे सांगते, कारण असे अनुभव वाचताना मीही आधी तेच शोधायचे. नोव्हेंबर 2024 मध्ये काहीही तयारी न करता पहिला पेपर सोडवला, 154 आले. ऑगस्ट 2025 च्या परीक्षेत 174. ऑक्टोबरमध्ये पुन्हा बसले, 177. पहिल्या दिवसापासून डोळ्यासमोर 180, म्हणजे एलसॅटचे सर्वोच्च गुण, होते. घरी सरावात ते दोनदा पडले, खऱ्या परीक्षेत पडले नाहीत.

पुण्यात एलसॅट म्हटलं की निम्मे लोक ‘म्हणजे सीएलएटी का?’ विचारतात आणि उरलेले सीईटीबद्दल, म्हणजे आपल्याकडच्याच लॉच्या प्रवेशपरीक्षांबद्दल, बोलायला लागतात. ही अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या तीन वर्षांच्या जेडी या कायद्याच्या पदवी अभ्यासक्रमासाठीची प्रवेशपरीक्षा आहे. आपल्याकडे एलएलबी करून तिकडे एक वर्षाच्या एलएलएमला जाणाऱ्यांना ती लागत नाही, त्यामुळे आयएलएस लॉ कॉलेजमधल्या मैत्रिणींना विचारून मला फारसं काही कळलं नाही. मी मेकॅनिकल इंजिनिअर, बाणेरला पेटंटचे मसुदे लिहिण्याचं काम करते आणि पेटंटचा वकील व्हायचं हे मनात पक्कं होतं.

गुण 120 ते 180 मध्ये मिळतात. प्रत्येकी 35 मिनिटांचे चार सेक्शन. त्यातले तीन मोजले जातात: दोन लॉजिकल रीझनिंगचे (एलआर, म्हणजे छोट्या युक्तिवादांवरचे तर्काचे प्रश्न) आणि एक रीडिंग कॉम्प्रिहेन्शनचा (उतारे वाचून उत्तरं). चौथा नव्या प्रश्नांच्या चाचणीसाठी असतो, पण तो कुठला हे परीक्षा देताना कळत नाही. निगेटिव्ह मार्किंग नाही. 180 साठी प्रत्येक वेळी सगळंच्या सगळं बरोबर असावं लागतं असंही नाही. पेपर किती अवघड त्यावर गुणांचं कोष्टक बदलतं, आणि काही पेपरांत एखाद-दुसरी चूक करूनही 180 पडतात. तरीही ते हजारात एखाद्यालाच पडतात. ज्याला एकदा 180 मिळाले त्याला पुढची पाच वर्षं परीक्षेला बसूच देत नाहीत, असाही एक नियम आहे. तो वाचला त्या रात्री मला झोप लागली नव्हती. इतकी मी त्या आकड्यात अडकले होते.

आता वापरलेल्या वस्तूंबद्दल.

पहिली वस्तू फुकट गेली. अप्पा बळवंत चौकात तयारीचं एक जाडजूड जुनं पुस्तक स्वस्तात मिळालं. त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा लॉजिक गेम्सचा, म्हणजे सात माणसं सात खुर्च्यांवर कशी बसतील या प्रकारच्या कोड्यांचा. ती कोडी ऑगस्ट 2024 पासून परीक्षेतून काढून टाकली आहेत. आकृत्या काढूनच ती सोडवता येत असल्यामुळे अंध परीक्षार्थींवर अन्याय होत होता. तो वाद न्यायालयात गेला आणि 2019 मधल्या तडजोडीतून हा बदल झाला. मला ते कळायला तीन आठवडे लागले. जुनं पुस्तक घेणाऱ्यांनी आधी हे बघा.

दुसरी वस्तू एक ऑनलाइन क्लास. नाव घेत नाही. फी चांगली होती आणि शिकवणं एकाच सूत्रावर: अमुक शब्द दिसला की तमुक पर्याय खोडा. त्यांचे सराव-पेपर त्यांनीच बनवलेले. एका प्रश्नात मला दोन उत्तरं बरोबर वाटत होती. तीन दिवस त्यावर डोकं लावलं आणि शेवटी सरांनीच मान्य केलं की दोन्ही चालतील. खऱ्या एलसॅटमध्ये असं होत नाही. तिथे चार पर्याय चूक असतात आणि प्रत्येक का चूक ते बोट ठेवून दाखवता येतं. 180 चा नाद ज्या भरवशावर करायचा तो हाच आहे. पेपरच सैल असेल तर सराव कशाचा करणार?

तिसरी वस्तू लॉहब. परीक्षा घेणाऱ्या एलसॅक संस्थेचंच हे संकेतस्थळ आहे. काही पेपर फुकट मिळतात, आणि वर्षाच्या वर्गणीत पन्नासहून जास्त जुने खरे पेपर नव्या स्वरूपात उघडतात. मी भरली तेव्हा वर्गणी दहा-साडेदहा हजार रुपयांच्या घरात पडली. पडदा हुबेहूब परीक्षेसारखा: पर्याय खोडणं, ओळ रंगवणं, प्रश्नावर झेंडा लावून पुढे जाणं, पाच मिनिटं उरल्याची सूचना. परीक्षेच्या दिवशी हात आपोआप चालला तो यामुळेच. एकाच गोष्टीवर खर्च करायचा असेल तर यावर करा.

पण माझे गुण पेपरांनी वाढवले नाहीत, वहीने वाढवले.

नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी जागा घेतली होती. आजूबाजूला सगळे एमपीएससीवाले. टेबलावर पाण्याची बाटली, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा, प्रत्येकाच्या कानात कापूस. माझ्या शेजारी बसणारा दादा राज्यसेवेच्या चौथ्या अटेम्प्टला होता. चुकांची वही ठेवायची हे मी त्याचं बघून उचललं. पहिल्या महिन्यात माझ्या वहीत कारणाच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द होता: घाई. त्याने एकदा पानं चाळली आणि म्हणाला, ‘घाई तर इथल्या सगळ्यांनाच आहे. तू तो बी पर्याय बघितलास तेव्हा तुला त्यात काय आवडलं, ते लिही ना.’

त्या दिवसापासून वही बदलली. चूक पर्याय का मोहात पाडून गेला, हे पूर्ण वाक्यात लिहायचं. एक नोंद जशीच्या तशी देते: ‘दुसरा एलआर, प्रश्न 19. मी बी, बरोबर डी. बी आवडला कारण ते प्रत्यक्षात खरं आहे, मला ऑफिसच्या कामामुळे माहीत आहे. पण उताऱ्यात ते कुठेच म्हटलेलं नाही.’ तीन महिन्यांनी सगळ्या नोंदी मोजल्या. 112 चुकांपैकी 41 या एकाच जातीच्या होत्या. जो विषय मला येत होता, त्यातच मी जास्त चुकत होते. तंत्रज्ञान आणि पेटंटवरच्या उताऱ्यांत माझं सगळ्यात वाईट आणि आफ्रिकेतल्या शिल्पकलेवरच्या उताऱ्यात सगळं बरोबर. हे मला कुठल्याही क्लासने सांगितलं नसतं.

आणखी एक गोष्ट वहीमुळेच सापडली, आणि ती मराठी माणसांच्या फार कामाची आहे. दहावीपर्यंत माझं माध्यम मराठी. इंग्रजीतले ‘अनलेस’, ‘ओन्ली इफ’ हे शब्द वाचायला अडचण नव्हती, पण पाऊण मिनिटात त्यांची दिशा पकडताना गोंधळ व्हायचा. एकदा आईबरोबर लक्ष्मी रोडला साडी बदलायला गेले. दुकानात पाटी होती: ‘पावतीशिवाय माल बदलून मिळणार नाही.’ आईने पावती पुढे केली. दुकानदार म्हणाला, ‘काकू, फॉल-पिको झालंय, आता नाही बदलता येणार.’ आई पाटीकडे बोट दाखवून म्हणाली, ‘अहो, तुम्हीच लिहिलंय ना? पावती आहे की माझ्याकडे!’

मी तिथेच उभी राहून विचार करत राहिले. पाटी एवढंच सांगते की पावती नसेल तर माल बदलणार नाही. पावती असली की बदलून मिळेलच, असं ती कुठेही म्हणत नाही. पावती गरजेची आहे, पण तेवढीच पुरेशी नाही. लॉजिकल रीझनिंगमधले कितीतरी सापळे याच फटीत लावलेले असतात. आणि आपल्या भाषेत ही फट एका अक्षरात दिसते. ‘पावती असेल तर मिळेल’ आणि ‘पावती असेल तरच मिळेल’. ‘इफ’ म्हणजे तर, ‘ओन्ली इफ’ म्हणजे तरच. ‘अनलेस’ म्हणजे शिवाय-नाही. त्या रात्रीपासून असं प्रत्येक वाक्य मी कच्च्या कागदावर मराठीत, च ठळक करून लिहायला लागले. दोन आठवड्यांनी लिहावं लागेनासं झालं, वाचतानाच तो च ऐकू यायला लागला. या प्रकारातल्या चुका मार्चनंतर जवळजवळ संपल्या.

उलटाही अनुभव आहे, मराठी आडवी आल्याचा. आपण ‘काही मुलं पास झाली’ म्हणतो तेव्हा बाकीची नापास झाली असं ऐकणारा धरून चालतो. एलसॅटमधल्या इंग्रजी ‘सम’ला (काही) तसा अर्थ नाही. किमान एक, एवढंच. सगळे असले तरी विधान खरं. आणि ‘मोस्ट’ म्हणजे अर्ध्याहून जास्त, त्यातही सगळे येऊ शकतात. हे दोन शब्द मी भाषांतर न करता तसेच पाठ केले.

रीडिंगमध्ये चार उतारे असतात, म्हणजे एकेकाला पावणेनऊ मिनिटं. तिथे मी प्रत्येक परिच्छेदासाठी मनात मराठीत चार शब्द म्हणायचे: जुनं मत, त्यावर आक्षेप, लेखिकेला निम्मं मान्य. बाकी तपशील लागला तर मागे जाऊन बघायचा. हा सेक्शन सावकाश सुधारला, त्यावर सांगण्यासारखी युक्ती माझ्याकडे नाही.

पेपर तपासण्याची पद्धत मात्र नीट सांगते. तिला ब्लाइंड रिव्ह्यू म्हणतात. शनिवारी सकाळी वेळ लावून पूर्ण पेपर. उत्तरं बघायची नाहीत. रविवारी ज्या ज्या प्रश्नावर शंभर टक्के खात्री नव्हती ते सगळे पुन्हा, घड्याळ न लावता, पाचही पर्यायांची कारणं लिहून. मग गुण बघायचे. एका पेपरला पाच तास जायचे. फेब्रुवारीत माझे वेळ लावून 168 आणि रिव्ह्यूत 177 असायचे. म्हणजे समज होती, ती वेळेत हाताशी येत नव्हती. ज्यांचे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत त्यांनी वेगाचा सराव करून उपयोग नाही, त्यांना मूळ तर्कच पुन्हा शिकायला हवा.

आता जिथे 180 ने माझं नुकसान केलं ते. एप्रिलमध्ये मी 173-174 वर अडकले. धीर सुटला आणि आठवड्याला तीन-तीन पेपर द्यायला लागले. वही बंद, रिव्ह्यू बंद, फक्त गुण बघायचे. तीन आठवड्यांत 169 वर आले, आणि त्यात सगळ्यात नवे सात पेपर जाळून बसले. एकदा सोडवलेला पेपर पुन्हा कोरा होत नाही. त्या सात पेपरांची हळहळ मला अजून आहे. मे महिन्यात आठ दिवस काहीही केलं नाही, मग जुनंच वेळापत्रक पुन्हा सुरू केलं: सकाळी ऑफिसआधी एक सेक्शन, शनिवारी पेपर, रविवारी वही. जुलैत पहिल्यांदा 180 पडले.

ऑगस्टची परीक्षा घरूनच दिली. कॅमेऱ्यातून प्रॉक्टरला, म्हणजे ऑनलाइन पर्यवेक्षकाला, खोली फिरवून दाखवायची, टेबल मोकळं ठेवायचं. गणपतीच्या आधीचे दिवस, नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव जोरात. त्याची मी तयारी ठेवली होती, महिनाभर मुद्दाम खिडकी उघडी ठेवून पेपर दिले होते. ढोलांचा काहीच त्रास झाला नाही. त्रास दुसऱ्याच गोष्टीचा झाला. शेवटच्या सेक्शनला सतराव्या प्रश्नावर दोन पर्यायांत अडकले. सरावात अशा वेळी झेंडा लावून मी पुढे जायचे. त्या दिवशी डोक्यात आलं की हा सोडला तर 180 गेले. चार मिनिटं तिथेच बसले. शेवटचे तीन प्रश्न वाचलेच नाहीत, नुसते पर्याय भरले.

गुण आले तेव्हा बाबा म्हणाले, ‘अगं, 174 म्हणजे पुष्कळ आहेत.’ खरंच आहेत. अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या लॉ स्कूलमध्ये प्रवेश मिळवणाऱ्यांचे मधले गुण त्याच आसपास असतात. तरी मी पुन्हा बसले, कारण ते तीन प्रश्न मला वाचायचे होते. पाच वर्षांत पाचदा आणि आयुष्यात सातदा बसता येतं, आणि शाळा साधारणपणे सर्वांत जास्त गुण धरतात. फी मात्र दर वेळी अडीचशे डॉलरच्या आसपास, त्यामुळे हा निर्णय घरी बोलून घेतला.

ऑक्टोबरच्या आधीच्या सहा आठवड्यांत मी एकच गोष्ट घोटली: प्रत्येक सेक्शनमध्ये एक प्रश्न मुद्दाम सोडून द्यायचा. वाचायचा, अवघड वाटला की झेंडा, पर्याय भरायचा, पुढे. शेवटी वेळ उरला तरच परत. सरावात 180 ची आस धरावी, कारण त्याशिवाय बरोबर आलेल्या प्रश्नांचीही उलटतपासणी आपण करत नाही. पण परीक्षेच्या खोलीत तो आकडा बरोबर नेऊ नये, असं माझं मत झालं. 177 त्या मताने आले.

लॉहबची वर्गणी संपायला अजून काही आठवडे आहेत आणि पाच पेपर कोरे ठेवले आहेत. अर्ज भरण्याचं काम सुरू आहे, निबंधाचा तिसरा खर्डा झाला. अभ्यासिकेतली जागा सोडली. वही मात्र दादाने मागून घेतली आहे, तर्काच्या प्रश्नांसाठी. इंग्रजी भाग त्याला नको होता, तर आणि तरच ची पानं त्याने झेरॉक्स करून घेतली.