हायरायडर स्ट्राँग हायब्रिड गोव्याच्या रस्त्यांवर: ॲव्हरेज, घाट, पावसाळा आणि देखभाल

टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडचा कागदावरचा आकडा लिटरला 27.97 किलोमीटर आहे. गोव्यात एसी कायम चालू ठेवून, टाकी-ते-टाकी मोजल्यावर हाती येणारा आकडा रस्त्याप्रमाणे सहसा 17 ते 24 यांच्यामध्ये फिरतो. तुमचं रोजचं जाणं-येणं यातल्या कुठल्या टोकाला बसतं ते आधी पाहा, बाकीचा हिशेब त्यावरच उभा आहे.

शोरूममध्ये एक गोंधळ हमखास होतो. हायरायडरची 'निओ ड्राइव्ह' आवृत्तीही हायब्रिड म्हणूनच विकली जाते. तिच्यात सुझुकीचं पेट्रोल इंजिन आणि त्याला जोडलेला छोटा स्टार्टर-जनरेटर असतो. तो इंजिनाला हातभार लावतो, पण एकट्याने चाकं फिरवू शकत नाही. इथे लिहिलंय ते तिच्याबद्दल नाही. स्ट्राँग हायब्रिड नुसत्या विजेच्या मोटरवरही चालू शकते. तिच्यात 1490 सीसीचं तीन सिलिंडरचं 92 पीएस इंजिन, 80 पीएसची मोटर आणि 0.76 किलोवॅट-तासाची लिथियम-आयन बॅटरी आहे. दोन्हींची एकत्रित ताकद सुमारे 116 पीएस. 92 आणि 80 यांची सरळ बेरीज होत नाही, कारण एवढ्याशा बॅटरीतून एका वेळी निघणारी वीज मर्यादित असते. मारुती ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये हाच संच आहे आणि दोन्ही गाड्या बंगळूरजवळच्या बिडदीला टोयोटाच्याच कारखान्यात बनतात. त्यामुळे पुढचं जवळजवळ सगळं विटारालाही लागू पडतं.

फोंडा ते पणजी हा रस्ता या गाडीसाठीच आखल्यासारखा आहे. फर्मागुडीचा चढ-उतार, मार्दोळ, कुंडई, भोमचा अरुंद पट्टा, बाणस्तारीचा पूल, जुने गोवे. वेग 40 ते 60 मध्ये, आणि दर थोड्या अंतराला ब्रेक. इथे 22 ते 24 सहज मिळतं. साध्या पेट्रोल गाडीत ब्रेक दाबला की तेवढी ऊर्जा डिस्क तापवण्यात फुकट जाते. इथे मोटर जनरेटर होऊन त्यातली बरीचशी बॅटरीत परत भरते. भोमला ट्रकच्या मागे रांगेत सरकताना किंवा पर्वरीच्या कोंडीत अडकलात तर इंजिन बहुतेक वेळ बंदच असतं. शिवाय हे ॲटकिन्सन सायकलचं इंजिन आहे. खालच्या आरपीएमला त्याचा जोर कमी, पण मधल्या पट्ट्यात ते पेट्रोल फार काटकसरीने जाळतं. सुरुवातीचा ओढ मोटर देते, म्हणून इंजिनाला त्या काटकसरीच्या पट्ट्यात ठेवणं गाडीला परवडतं.

चालवण्याची पद्धत मात्र बदलावी लागते. सिग्नल सुटल्यावर अगदी गोगलगायीच्या गतीने निघू नका. इंजिन चालू होऊ द्या, 45-50 पर्यंत बऱ्यापैकी जोरात जा, मग पाय पूर्ण उचला. इंजिन बंद पडलं की पुन्हा अगदी हलका दाबा. समोरच्या हायब्रिड मीटरचा काटा इको पट्ट्याच्या खालच्या भागात राहिला तर सपाटीवर गाडी बराच वेळ नुसत्या मोटरवर त्याच वेगाने जाते. ब्रेक लवकर, हलका आणि लांबवर दाबा. काटा चार्जच्या पट्ट्यात शेवटाला टेकला, की त्यापुढचं काम ब्रेक पॅड करतायत आणि ती ऊर्जा गेली, असं समजा. ईव्हीचं बटण विसरलात तरी चालेल. ते दाबून बॅटरी रिकामी केली तर नंतर इंजिन ती पेट्रोल जाळूनच भरतं.

महामार्गावर चित्र पालटतं. धारगळ-मोपाच्या बाजूला किंवा नव्या झुआरी पुलावरून वेर्ण्याकडे 80 धरलात तर 20-21 मिळतं. 100-110 वर तेच 17-18 वर येतं. त्या वेगाला हवेचा रोध बराच वाढलेला असतो, ब्रेक लागत नाही, म्हणजे परत मिळवण्यासारखं काहीच उरत नाही. ज्याचं निम्मं ड्रायव्हिंग मुंबई-बंगळूर असं आहे त्याला या गाडीचा खरा फायदा दिसणार नाही.

अगदी छोट्या फेऱ्याही ॲव्हरेज खातात. सकाळी गार गाडी काढून दोन किलोमीटरवर मुलांना शाळेत सोडून परत आलात तर 15-16 च दिसेल. इंजिन आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापेपर्यंत इंजिन मुद्दाम चालू ठेवलं जातं. गाडी बिघडलेली नसते. बाजार, बँक, शाळा ही कामं एकाच फेरीत उरकली की आकडा आपोआप सुधारतो.

मोजताना डिस्प्लेवर विसंबू नका, तो साधारण लिटरमागे एक-दीड किलोमीटर जास्त दाखवतो. एकाच पंपावर, पहिल्या ऑटो-कटला थांबून टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा आणि निदान तीन टाक्यांची सरासरी काढा. आता पंपावर मिळणाऱ्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये त्याच लिटरात ऊर्जा थोडी कमी असते, तेही हिशेबात धरा.

आता घाट. साखळी-केरीवरून चोर्ला चढताना चार माणसं आणि सामान असेल तर पहिल्या काही वळणांतच बॅटरी तळाला जाते आणि त्यानंतर भार 92 पीएसच्या इंजिनावर येतो. ई-सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकमुळे आरपीएम एका जागी अडकून राहतो, तीन सिलिंडरचा घरघराट केबिनमध्ये येतो. गाडी चढते, पण ट्रकला ओव्हरटेक करताना घाई चालत नाही. मोकळी जागा दिसण्याच्या थोडं आधी पाय दाबून इंजिनाला वर येऊ द्यावं लागतं. चढाचा तेवढा तुकडा धरला तर ॲव्हरेज 10-12.

उतरणीवर बहुतेकांची अपेक्षा चुकते. वाटतं, एवढा घाट उतरलो म्हणजे खूप चार्जिंग झालं. आकडेमोड करून पाहा. माणसांसकट 1600 किलोची गाडी 100 मीटर खाली आली की सुमारे 0.43 किलोवॅट-तास ऊर्जा सुटते. पूर्ण बॅटरीच 0.76 ची, आणि आयुष्य टिकावं म्हणून तिचा मधलाच भाग वापरात असतो. घर्षणात जाणारं वजा केलं तरी 100-125 मीटर उतरल्यावर ती भरते. घाटाचा बाकीचा सगळा उतार शिल्लकच असतो. म्हणून वरूनच गिअर लिव्हर 'बी'वर, म्हणजे इंजिनाने वेग आवरण्याच्या जागेवर घ्या. बॅटरी भरल्यावर गाडी पेट्रोल न जाळता इंजिन फिरवून वेग आवरते. इंजिन अचानक ओरडायला लागतं तेव्हा अनेकजण घाबरून परत 'डी'वर येतात आणि उरलेला घाट नुसत्या ब्रेकवर उतरतात. तसं करू नका, पॅड तापतात. अनमोडला आणि काणकोणच्या वाटेवर करमल घाटातही हेच. सपाटीवर मात्र 'बी'चा काही उपयोग नाही, उलट गाडी विनाकारण अडते.

मे महिन्यात एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो हे मोठं सुख. इंजिन बंद असतानाही गारवा कमी होत नाही. उभ्या गाडीत दर काही मिनिटांनी इंजिन चालू होऊन बॅटरी भरून घेतं, ते अपेक्षितच आहे. मोठी बॅटरी डिकीच्या तळाशी आहे आणि ती केबिनच्या हवेवर थंड होते. ही हवा आत ओढणारी जाळी कुठे आहे ते डिलिव्हरीच्या दिवशीच दाखवून घ्या. तिच्यावर पिशव्या, चादरी, छत्र्या रचू नका. डिचोली-सत्तरीच्या बाजूला लाल धूळ आणि घरात कुत्रा असेल तर त्याचे केस, यांनी ती तुंबते. पंख्याचा आवाज मागून वाढलेला ऐकू आला तर आधी जाळी पाहा. प्रत्येक सर्व्हिसिंगला ती साफ करायला जॉब कार्डावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं राहून जातं.

बॅटरीमुळे डिकी मात्र खरंच लहान झाली आहे. एक मोठी बॅग आणि दोन छोट्या, एवढंच. चवथीला म्हापशाच्या बाजारातून माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं) सामान आणायचं तर मागची सीट पाडावी लागते.

पावसाळा आणि खारी हवा हा गोव्याचा खास भाग. पॅड कमी वापरले जातात म्हणून ते खूप टिकतात, पण त्याच कारणाने डिस्क गंजते. आठ-दहा दिवसांतून एकदा, मागे कुणी नाही हे आरशात पाहून, 60 वरून चार-पाच वेळा जोरात ब्रेक लावा. गंजाचा थर खरवडून निघतो. दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला, दमट हवेत ते पाणी शोषतं. चोडण किंवा दिवाडीच्या फेरीबोटीने जात असाल तर धक्क्याच्या ओल्या, शेवाळलेल्या उतारावर पाय फार हलका ठेवा. मोटरचा जोर क्षणात येतो आणि पुढची चाकं जागीच फिरतात. फेरीच्या फेऱ्यांनंतर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. पणजीत 18 जून रस्त्यावर पाणी साचलं असेल तर अर्ध्या चाकाच्या वर जाऊ नका. पाणी केबिनमध्ये शिरलं असेल तर स्टार्टचं बटण न दाबता थेट वर्कशॉपला फोन करा.

सर्वांत जास्त त्रास देणारी वस्तू मोठी बॅटरी नाही, ती साधी 12 व्होल्टची आहे. मोठ्या बॅटरीवर 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी असते. छोटीवर इतकं संरक्षण नसतं आणि तीच संगणक जागा करते. ती उतरली तर मोठी भरलेली असूनही गाडी मुकी. गोव्यात तारवटींच्या, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या घरी गाड्या महिनोन्महिने उभ्या असतात, तिथे हे नेहमी होतं. घरात कुणी असेल तर आठवड्यातून एकदा ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबायला सांगा, मीटरवर 'रेडी' दिसायला हवं, आणि गाडी उघड्यावर, 'पी'मध्ये अर्धा-पाऊण तास तशीच ठेवा. ब्रेक न दाबता नुसतं बटण दाबलं तर दिवे लागतात, गाणी वाजतात, पण चार्जिंग होत नाही, उलट बॅटरी आणखी उतरते. घरात कुणीच नसेल तर 12 व्होल्टची निगेटिव्ह तार सोडवून जा. चावी गाडीपासून दूर ठेवा. टाकी बरीचशी भरून ठेवा, इथेनॉलचं पेट्रोल दमट हवा धरतं. आणि या गाडीवरून दुसऱ्याच्या गाडीला जंप स्टार्ट देऊ नका.

कुळागराजवळ (सुपारी-नारळाच्या बागेजवळ) किंवा शेताकडेला घर असेल तर पहिल्या पावसापासून बॉनेट उघडून पाहण्याची सवय ठेवा. उंदीर उबेला येतात आणि वायरिंग कुरतडतात. नारिंगी आवरणाच्या तारांना हात लावू नका, त्या हाय व्होल्टेजच्या आहेत, गावातल्या मेकॅनिकलाही लावू देऊ नका. गाडी बंद पडली तर दोरीने टोचन करायचं नाही. पुढची चाकं जमिनीवर फिरली की मोटरही फिरते आणि वीज तयार होते. फ्लॅटबेडच मागवा, विम्याच्या रोडसाइड असिस्टन्सला फोन करतानाच हा शब्द उच्चारा. इन्व्हर्टरच्या कूलंटची टाकी वेगळी असते, तिच्यात नळाचं पाणी टाकू देऊ नका.

एरवी या गाडीत बिघडायला कमीच आहे. क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. 1997 च्या प्रियसपासून टोयोटा हीच ग्रहचक्री गिअरची रचना सुधारत आली आहे आणि तो जुनेपणा इथे विश्वास देतो. होंडा सिटीच्या हायब्रिडची, म्हणजे ई:एचईव्हीची रचना निराळी. शहरात इंजिन बहुतेक वेळा वीजच तयार करतं, चाकं 253 न्यूटन-मीटरची मोटर फिरवते आणि महामार्गावर क्लच लागून इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. पिकअप तिचा सरस, पण गोव्यातल्या आतल्या रस्त्यांवरचे गतिरोधक आणि पावसानंतरचे खड्डे पाहता हायरायडरची उंची जास्त कामाची. सात माणसांचं घर असेल तर इनोव्हा हायक्रॉसकडे पाहा.

पैशांचं गणित असं. पेट्रोल 96 रुपये धरा, साधी ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी 14 देते आणि ही 22. महिन्याला 2000 किलोमीटर असतील तर सुमारे 5000 रुपये वाचतात, 1200 असतील तर 3000, आणि 500 असतील तर जेमतेम 1250. साध्या ऑटोमॅटिकच्या आणि स्ट्राँग हायब्रिडच्या किमतीत अडीच लाखांचा फरक धरला तर तो फिटायला अनुक्रमे चारेक, सात आणि साडेसोळा वर्षं लागतात. फरक किती आहे ते आजच्या ऑन-रोड कोटेशनवरून मांडा. छोट्या पेट्रोल हायब्रिडांना सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 18 टक्के झाला, पण ही गाडी चार मीटरहून लांब आणि 1200 सीसीच्या वर असल्याने 40 टक्क्यांतच आहे.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या दारातल्या सपाट रस्त्यावर घेऊ नका. घरची चार माणसं बसवा, एसी पूर्ण लावा आणि आल्तिनोचा चढ चढून बघा. वर पोचल्यावर इंजिनाचा आवाज मागच्या सीटवरच्यांना कसा वाटला ते विचारा, मग त्याच उतारावर 'बी' लावून खाली या.