लाल कडा की लानतिंग? चिनी कोरीव चषक निवडताना

जुन्या चिनी चषकांच्या नादाला लागलेल्या माणसापुढे हे दोन देखावे आज ना उद्या येतातच: लाल कड्याखालून जाणारी सू शी या चिनी कवीची होडी आणि लानतिंग या ठिकाणी जमलेला कवींचा मेळावा. दोन्ही घेणं परवडत असेल तर प्रश्नच मिटला. एकच घ्यायचा झाला तर मी काय बघितलं आणि कुठे अडलो, ते सांगतो. नजर ज्याची त्याची, त्यामुळे माझं मत तेवढ्याच बेताने घ्यावं.

मिंग आणि छिंग या राजघराण्यांच्या काळातले नावाजलेले चषक गेंड्याच्या शिंगाचे आहेत. ते डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात किंवा बीजिंगच्या राजवाड्यातल्या संग्रहालयात डोळे भरून बघावेत. विकत घ्यायचा विचारही करू नये. आपल्याकडे हा व्यवहार कायद्याने बंद आहे आणि चीननेही १९९३ मध्ये तो बंद केला. पण शिंगाचा तोच घाट, म्हणजे निमुळतं बूड, पसरट तोंड आणि एका बाजूला उंच गेलेला काठ, बांबूच्या मुळात आणि जेडमध्येही कोरला गेला. पुढचं सगळं अशा चषकांबद्दल आहे.

मनाने मी आधी लानतिंगकडे झुकलो होतो. इ.स. ३५३ च्या वसंतात वांग शीझी या सुलेखनकाराने आजच्या शाओशिंग शहराजवळ, लानतिंगला, चाळीसेक स्नेह्यांना बोलावलं. वळणावळणाच्या ओढ्याच्या दोन्ही काठांवर मंडळी बसली आणि वरून मद्याचे पेले पाण्यावर सोडले गेले. पेला ज्याच्यासमोर थांबेल त्याने कविता करायची, नाही जमली तर दंड म्हणून प्यायची. सव्वीस जणांनी कविता केल्या, बाकीच्यांनी दंड भरला. त्या कवितांना वांग शीझीने लिहिलेली प्रस्तावना चिनी सुलेखनातली सर्वांत मानाची मानली जाते. मद्याच्या चषकावर मद्याचे पेले तरंगताना कोरायचे, याहून समर्पक विषय कोणता असणार? कल्पनेच्या बाबतीत लानतिंग आजही मला पुढेच वाटतो.

माझं घोडं अडलं ते ओळखीपाशी. वीतभरही उंची नसलेल्या चषकावर चाळीस माणसं मावत नाहीत. कारागीर पाच-सहा कोरतो, मागे बांबूचं बन, खाली ओढा. आता हा लानतिंग कशावरून? बांबूच्या बनातले सात ज्ञानी, हा चिनी कारागिरांचा आणखी एक आवडता विषय, तेही असेच बसतात, बाग-मेळाव्याचे इतर प्रसंगही असेच दिसतात. खूण एकच, पाण्यावरचे पेले. आणि ओढा कोरलेला असतो नेमका बुडाजवळच्या खोलगट भागात, जिथे मेण आणि धूळ साचते आणि हाताळून उठाव झिजतो. एका विक्रेत्याने खात्रीने लानतिंग म्हणून पुढे केलेला चषक मी बराच वेळ उजेडात फिरवत बसलो. माणसं देखणी होती, एकाच्या हातातली गुंडाळीसुद्धा सुटी दिसत होती. पेला मात्र एकही सापडला नाही. ज्या एका गोष्टीसाठी हा प्रसंग घ्यायचा तीच दिसत नसेल, तर रोज समोर ठेवून रुखरुखच लागायची. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

लाल कड्याला ही अडचण येत नाही. कवितांवरून खटला भरून सू शीला ह्वांगचौला धाडण्यात आलं. तिथे १०८२ मध्ये त्याने लाल कड्यावर दोन गद्यकाव्यं लिहिली. पहिल्यात शरदाचं चांदणं आहे, होडी आहे, पाहुण्याची उदास बासरी आहे, आणि पाणी वाहून जातं तरी संपत नाही, असं सू शीने त्याला घातलेलं समजावणं आहे. दुसऱ्यात तीनच महिन्यांनी तो परत येतो. पाणी उतरलंय, खडक उघडे पडलेत, तो एकटाच कडा चढतो, आणि मध्यरात्री होडीवरून एक करकोचा उडत जातो. म्हणून घेताना आकाश जरूर बघावं. करकोचा कोरलेला असला तर प्रसंग दुसऱ्या काव्यातला.

होडी, तीन-चार माणसं आणि वर झुकलेला कडा, एवढ्यात प्रसंग उभा राहतो. शिवाय चषकाचा घाटच त्याच्या मदतीला येतो. उंच काठाच्या बाजूला कडा चढतो, कड्यावरचा पाइन वळून चषकाचा कान होतो आणि सखल बाजूला नदीला मोकळी जागा मिळते. माझ्याकडचा चषक बांबूच्या मुळाचा आहे. मुळावर बारीक तंतू फुटल्याच्या ज्या गोल खुणा असतात, त्या कारागिराने तासून न काढता कड्याच्या बाजूला तशाच ठेवल्यात, आणि त्या उघड्या पडलेल्या खडकासारख्याच दिसतात. बासरी काडीपेक्षा बारीक आहे, तरी वाजवणाऱ्याची बोटं वेगवेगळी मोजता येतात.

दोन्ही विषयांना किती जागा लागते याचे दोन टोकाचे दाखले आहेत. छेन झूझांग या कारागिराने १७३७ मध्ये ऑलिव्हच्या एका बीत, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांबीत, सू शीची होडी कोरली आणि तळाला दुसरं काव्य अख्खं लिहिलं. ती तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात आहे. लानतिंगचा मेळावा छ्येनलोंग बादशहाच्या काळात, १७९० मध्ये, जेडच्या सुमारे २९० किलोच्या डोंगरावर कोरला गेला. तो आता अमेरिकेत, मिनिआपोलिसच्या कला संग्रहालयात आहे. त्या डोंगरावर लानतिंग खुलतो, यात शंकाच नाही.

लाल कडा अगदीच निर्दोष आहे असंही नाही. त्याला मागणी फार, म्हणून यंत्राने कोरलेल्या नकलाही फार. मी लाटांवरून पारख करतो. सगळ्या रेघा सारख्याच खोलीच्या आणि कडेला बोथट असतील तर पुढे बघायची गरज नाही. हाताच्या कामात छिन्नी जिथे वळते तिथे रेघ बारीक होत जाते. चंद्र कोरलेला नसला तर मात्र घाबरू नये, तो बऱ्याचदा नसतो.

लानतिंगवरच जीव जडला असेल, तर चषकाचा हट्ट सोडून त्याच विषयाचं बांबूचं ब्रशपात्र, म्हणजे लिहायचे कुंचले उभे ठेवायचं भांडं, बघावं, असं मी सुचवेन. त्याची भिंत सरळ आणि गोल असल्याने ओढ्याला पुरी फेरी मिळते, माणसांना जागा मिळते आणि पेले नजरेच्या पातळीवर येतात. चषकच हवा असेल तर होडीचा घ्यावा.